रेग्युलेटर का तापतो? आगरातल्या पंपाच्या बोर्डाचा हिशेब

प्रश्न : गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमचे पोफळी-नारळाचे आगर आहे. शिंपणे वेळेवर व्हावे म्हणून पुतण्याने एटमेगा ३२८ हा मायक्रोकंट्रोलर वापरून एक बोर्ड तयार करून दिला आहे. त्यावर ५ व्होल्टचे दोन रिले (विजेवर उघडझाप होणारे स्विच), वाय-फायचे मॉड्यूल आणि दोन ओळींचा डिस्प्ले आहे. एक रिले पंपाचा स्टार्टर चालवतो, दुसरा वरच्या अंगाचा व्हॉल्व्ह उघडतो. वीज १२ व्होल्टच्या, ७ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीवरून येते आणि बॅटरी सोलर पॅनलवर चार्ज होते. बॅटरीचा दाब उतरवून बोर्डाला ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर इतका तापतो की त्यावर बोट टेकवत नाही. दुपारी पंप सुरू झाला की दोन-तीन मिनिटांत बोर्ड बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो आणि पुन्हा तेच होते. रात्री मात्र तक्रार नसते. पुतण्याने मोजले तेव्हा बॅटरी रात्री १२.६ व्होल्ट आणि दुपारी १४.२ व्होल्ट होती. बोर्डाला दोन्ही रिले बंद असताना ०.१४ ॲम्पिअर आणि चालू असताना ०.२८ ॲम्पिअर करंट लागतो. तीनदा रेग्युलेटर बदलला, फरक पडला नाही. हा खाऱ्या हवेचा परिणाम आहे, की बाजारातला मालच नकली आहे?
— एक बागायतदार, गुहागर तालुका

उत्तर : आपण आकडे मोजून पाठवलेत, त्यामुळे आपल्याला नेमके उत्तर देता येते. आपला रेग्युलेटर बिघडलेला नाही आणि तो नकली आहे असे मानण्याचेही कारण दिसत नाही. त्याच्यावर जेवढे काम टाकले आहे, त्या कामात अस्सल आणि नवा कोरा ७८०५ सुद्धा इतकाच तापेल. म्हणूनच तीनदा बदलूनही फरक पडला नाही.

७८०५ हा लिनियर प्रकारचा रेग्युलेटर आहे. तो जास्तीचा दाब (व्होल्टेज) साठवून ठेवत नाही किंवा त्याचा दुसरा काही उपयोग करत नाही, तर त्याची सरळ उष्णता करून टाकतो. जेवढा करंट बोर्डाला जातो तेवढाच त्याच्या आतून जातो, आणि आत येणारा दाब व बाहेर जाणारा दाब यांच्यातील फरकाला त्या करंटने गुणले की किती वॉटची उष्णता त्या एवढ्याशा तुकड्यात तयार होते हे कळते. रात्री, रिले बंद असताना, १२.६ मधून ५ वजा केले की ७.६ व्होल्ट उरतात; त्याला ०.१४ ने गुणले की साधारण १.०६ वॉट येतात. दुपारी, रिले चालू असताना, ९.२ व्होल्ट गुणिले ०.२८ ॲम्पिअर, म्हणजे २.५८ वॉट होतात. ऊन लागताच चार्जिंगमुळे बॅटरीचा दाब चढतो आणि नेमक्या त्याच वेळी रिलेही ओढले जातात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी भार वाढून उष्णता रात्रीच्या जवळजवळ अडीचपट होते.

आता हे वॉट अंशांमध्ये मांडू. ७८०५ च्या नेहमीच्या तीन पायांच्या आणि भोकाच्या पत्र्याच्या आकारात, हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) लावलेला नसेल तर, दर वॉटमागे आतल्या सिलिकॉनचे तापमान आजूबाजूच्या हवेपेक्षा सुमारे ६५ अंशांनी चढते. रात्री हवा २६ अंश धरली तर आतले तापमान ९५ च्या आसपास जाते. एवढ्यावरही बोट टेकवणार नाही, कारण ६० अंशांच्या वर गेलेला धातू आपण धरून ठेवू शकत नाही. तरी रेग्युलेटरच्या दृष्टीने ते चालण्याजोगे आहे, कारण त्याची मर्यादा १२५ अंशांची असते. दुपारी बंद डब्यातली हवा ५० अंश धरा आणि २.५८ ला ६५ ने गुणून त्यात मिळवा. उत्तर २१५ च्या पुढे जाते. प्रत्यक्षात तापमान तिथवर पोचतच नाही, कारण १५० अंशांच्या पुढे गेल्यावर रेग्युलेटरच्या आतली संरक्षक व्यवस्था त्याला बंद करते. बोर्ड बंद पडतो, रिले सुटतात, भार जातो, रेग्युलेटर निवतो, पुन्हा ५ व्होल्ट देऊ लागतो, प्रोग्रॅम पुन्हा सुरू होतो, शिंपण्याची वेळ असल्याचे पाहून रिले पुन्हा ओढतो आणि फेरा पहिल्यापासून चालू होतो. रेग्युलेटर स्वतःला वाचवतो आहे, पण त्याची किंमत पंपाच्या मोटारीला मोजावी लागते. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा सुरू होणारी मोटार प्रत्येक वेळी सुरुवातीचा मोठा करंट ओढते आणि तिचे वाइंडिंग तापत जाते. म्हणून हा दोष दूर होईपर्यंत कृपा करून पंप हाताने चालवावा, आणि पुढेही पंप एकदा बंद झाल्यावर निदान पाच मिनिटे पुन्हा सुरू होणार नाही अशी अट प्रोग्रॅममध्ये घालून ठेवावी.

आपल्या पत्रातील ‘दोन-तीन मिनिटांत’ हे शब्द निदानाच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. रिले ओढला जाण्याच्या क्षणीच बोर्ड बंद पडत असता, तर मी उष्णतेचा विचार आधी केला नसता. तेव्हा रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड आहे का, स्टार्टरच्या कॉइलमधून येणारा विजेचा धक्का बोर्डापर्यंत पोचतो का, आणि बॅटरीकडून येणारी तार फार लांब व बारीक आहे का, हे पाहावे लागले असते. उष्णतेला चढायला वेळ लागतो, धक्क्याला लागत नाही. खात्रीसाठी मल्टिमीटर ७८०५ च्या तिसऱ्या आणि मधल्या पायावर लावून ठेवावा आणि पंप सुरू करून पाहत राहावे. मिनिटभर ५ व्होल्ट स्थिर राहून मग आकडा एकदम कोसळला, आणि त्याच वेळी पहिल्या पायावरचे १४ व्होल्ट मात्र जागेवर असले, तर रेग्युलेटर उष्णतेने बंद पडतो आहे यात शंका ठेवू नये.

खाऱ्या हवेबद्दल आपण विचारलेत ते योग्यच आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर ती प्रत्येक उपकरणाच्या मागे लागलेली असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वर असते. बोर्डावर बसलेला मिठाचा अदृश्य थर तेव्हा ओला होऊन वीज वाहू लागतो, तांब्याच्या रेषा हिरव्या पडतात, कनेक्टर आणि स्क्रू गंजतात. मात्र या थरातून गळणारा करंट बहुतेक वेळा मिलिॲम्पिअरच्याही आत असतो. तो सेन्सरचे आकडे बिघडवतो, वर्ष-दोन वर्षांत रेषा खाऊन टाकतो, पण रेग्युलेटरमध्ये अडीच वॉट उष्णता निर्माण करणे त्याच्या आवाक्यातले नाही. मिठाने केलेले एक नुकसान मात्र उष्णतेशी जोडलेले आहे. खारी हवा, पाऊस, मुंग्या आणि पाली आत शिरू नयेत म्हणून आपण डबा टेप लावून घट्ट बंद करतो आणि आतली उष्णता आतच कोंडतो.

उपाय सांगतो. हीटसिंक लावणे हा पहिला विचार मनात येतो आणि तो चुकीचा नाही, पण तुमच्याकडे तो काठावरचाच ठरेल. बाजारात मिळणारा इंग्रजी यू आकाराचा लहान हीटसिंक दर वॉटला साधारण २० अंश घेतो. रेग्युलेटरच्या आतून पत्र्यापर्यंतचे ५ आणि पेस्ट लावलेल्या सांध्याचा १ धरला तर एकूण २६. त्याला २.५८ ने गुणून डब्यातले ५० अंश मिळवले की ११७ येतात. १२५ च्या मर्यादेपासून ही फक्त आठ अंशांची सवड आहे, आणि हीच अडीच वॉट उष्णता बंद डब्यात सोडल्यावर डबा ५० अंशांवर थांबणार नाही. मे महिन्यात हा हिशेब नक्की चुकेल.

म्हणून माझा आग्रह असा की आपण ७८०५ च्या जागी स्विचिंग प्रकारचा, म्हणजे बोलीभाषेत ‘बक कन्व्हर्टर’ म्हणतात तो, तयार मॉड्यूल वापरावा. एलएम २५९६ वर बनवलेला मॉड्यूल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो. तो जास्तीचा दाब जाळत नाही. सेकंदाला दीड लाख वेळा विजेची उघडझाप करून कॉइलच्या साहाय्याने दाब उतरवतो. आपल्या बोर्डाला लागतात ५ व्होल्ट गुणिले ०.२८, म्हणजे १.४ वॉट. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर वाया जातात फक्त ०.३५ वॉट. २.५८ च्या जागी ०.३५ आले, तर हीटसिंकचा प्रश्नच उरत नाही. शिवाय बॅटरीचाही फायदा होतो, आणि ढगाळ दिवसांत तो चांगला जाणवतो. आज रिले बंद असताना आपला बोर्ड बॅटरीतून ०.१४ ॲम्पिअर ओढतो, म्हणजे ७ ॲम्पिअर-अवरची पूर्ण भरलेली बॅटरी कागदावर ५० तास पुरते. बक कन्व्हर्टरवर हाच बोर्ड सुमारे ०.०७ ॲम्पिअर ओढेल आणि तीच बॅटरी जवळपास दुप्पट वेळ टिकेल.

हा मॉड्यूल जोडताना एक काळजी अवश्य घ्यावी. त्यावर पितळी स्क्रू असलेली एक छोटी निळी डबी असते, ती फिरवून बाहेरचा दाब ठरवायचा असतो. दुकानातून आणलेला मॉड्यूल किती व्होल्टवर लावलेला असेल याचा भरवसा नाही, आणि एटमेगा ३२८ ला ६ व्होल्टच्या वरचा दाब मुळीच सोसत नाही. म्हणून बोर्ड न जोडता, फक्त बॅटरी आणि मल्टिमीटर लावून, स्क्रू सावकाश फिरवत आकडा ५.० वर आणावा. कधी कधी दहा-बारा फेरे दिले तरी आकडा हलत नाही आणि मग अचानक उतरू लागतो. तेव्हा घाई करू नये. आकडा बसला की स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकून तो पक्का करावा आणि मगच बोर्ड जोडावा. आपण जमिनीच्या ओलाव्याचा सेन्सर लावणार असाल आणि या उघडझापीमुळे त्याचे आकडे हलताना दिसले, तर मॉड्यूल ७.५ व्होल्टवर ठेवून त्यापुढे जुना ७८०५ तसाच राहू द्यावा. तेव्हा त्याच्या वाट्याला २.५ गुणिले ०.२८, म्हणजे ०.७ वॉटच येतात आणि बाहेरचा दाब स्वच्छ मिळतो. ७८०५ ला आत-बाहेर निदान २ व्होल्टचा फरक लागतो, त्यामुळे ७ च्या खाली जाऊ नये.

डब्याची जागाही बदलावी. पंपघराच्या जांभ्याच्या पश्चिमेकडील भिंतीवर तो असेल, तर दुपारच्या उन्हाने तापलेली ती भिंत दिवेलागणीपर्यंत डब्याला शेकत राहते. उत्तरेच्या बाजूला, पागोळीच्या आत, भिंतीपासून बोटभर अंतर सोडून डबा टांगावा. खालच्या अंगाला दोन-चार भोके पाडून त्यांना आतून बारीक जाळी लावावी; पाणी खालून चढत नाही आणि पालही आत येत नाही. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुऊन, उन्हात चांगला वाळवून, त्यावर बोर्डासाठी मिळणारे लॅकर मारावे. रिले, कनेक्टर आणि मॉड्यूलचा तो स्क्रू मात्र टेपने झाकून घ्यावा, नाहीतर लॅकर आत शिरून संपर्कच तुटतो.

ज्या वाचकांकडे हाच त्रास आहे पण आकडे जुळत नाहीत, त्यांच्यासाठी थोडे अधिक लिहितो. गुणाकार करून अर्धा वॉट येत असेल आणि रेग्युलेटर तरीही भाजत असेल, तेव्हाच दोष शोधायला लागावे. करंट मोजण्यासाठी मल्टिमीटरची तार १० ॲम्पिअरच्या भोकात घालावी लागते आणि नंतर ती तिथेच विसरून कुणी दाब मोजायला गेला की शॉर्ट होतो. त्यापेक्षा १ ओहम, २ वॉटचा रेझिस्टर रेग्युलेटरच्या आधी मालिकेत जोडावा आणि त्याच्या दोन टोकांमधला दाब मोजावा, ०.२८ व्होल्ट दिसले म्हणजे करंट ०.२८ ॲम्पिअर. मग वाय-फायचे मॉड्यूल, डिस्प्ले, रिले असे एकेक काढत जावे आणि कोणते काढल्यावर करंट अपेक्षेपेक्षा जास्त उतरतो ते पाहावे. सगळे काढूनही करंट उतरत नसेल, तर बॅटरी सोडवून ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातील रेझिस्टन्स मोजावा. तो मोजक्याच ओहमचा आला तर एखादा कपॅसिटर शॉर्ट झाला आहे, सोल्डरचा केसासारखा धागा दोन पायांना चिकटला आहे किंवा विजेच्या कडकडाटात मायक्रोकंट्रोलरच गेला आहे. असा शॉर्ट हुडकण्याची एक जुनी युक्ती आहे. पंपाची वीज पूर्ण तोडून, बोर्ड घरात टेबलावर आणून, रिले काढून ठेवून, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर द्यावा आणि करंटवर मर्यादा घालता येईल अशा पॉवर सप्लायवरून थोडासाच करंट सोडावा. ज्या भागावरचे अल्कोहोल सर्वांत आधी उडून कोरडा ठिपका पडतो, तो भाग तापतो आहे. अल्कोहोल पेट घेते, म्हणून जवळ ज्योत किंवा ठिणगी नसावी.

आणखी एक कारण नेहमी नजरेतून सुटते. ७८०५ च्या आत येणाऱ्या बाजूला ०.३३ मायक्रोफॅरडचा आणि बाहेरच्या बाजूला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पायांच्या अगदी जवळ हवा. बॅटरी चार-पाच मीटरवर असेल आणि हे कपॅसिटर नसतील, तर रेग्युलेटर आतल्या आत थरथरू लागतो. मल्टिमीटर साधारण ५ व्होल्टच दाखवत राहतो, आणि रेग्युलेटर भार नसतानाही तापतो.

प्रश्न : हर्णै बंदरात आमची होडी आहे. मासळीच्या बर्फाच्या पेटीतले तापमान मोबाईलवर दिसावे म्हणून ईएसपी ८२६६ या वाय-फायच्या चिपचा तयार बोर्ड होडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर ‘व्ही-इन’ या पायाला जोडला. त्यावरचा काळा चौकोनी रेग्युलेटर फार तापायचा. एके दिवशी इंजिन चालू असताना पूर्ण बोर्डच जळाला. चूक कुठे झाली?

उत्तर : त्या बोर्डांवर बहुधा एएमएस १११७ जातीचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर असतो. १२ मधून ३.३ गेले की ८.७ व्होल्ट उरतात. मॉड्यूल सरासरी ०.०८ ॲम्पिअर घेतो असे धरले तरी ०.७ वॉट होतात. बोर्डावरचे तांबे कमी असल्यामुळे हा भाग दर वॉटमागे ९० अंशांपर्यंत चढतो, म्हणून त्याचे तापणे अपेक्षितच होते. जळण्याचे कारण मात्र दाब हे असावे. एएमएस १११७ ची आत येणाऱ्या दाबाची मर्यादा १५ व्होल्ट आहे, आणि इंजिन चालू असताना आल्टरनेटर १४ च्या वर चार्ज करतो. त्यात मोटार किंवा दिवे बंद होताना उसळणारा क्षणिक दाब सहज १५ ओलांडतो. असा रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला की बॅटरीचा सगळा दाब पुढे जातो, आणि ईएसपी ८२६६ ला ३.६ व्होल्टच्या वर सोसत नाही. होडीवर १२ व्होल्टवरून थेट असा बोर्ड चालवूच नये. आधी १ ॲम्पिअरचा फ्यूज, नंतर उसळी शोषणारा टीव्हीएस डायोड, त्यापुढे ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर आणि मग बोर्ड, असा क्रम ठेवावा. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. ७८०५ च्या पाठीचा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो, पण एएमएस १११७ चा पत्रा बाहेरच्या ३.३ व्होल्टला जोडलेला असतो. थंड राहावा म्हणून कुणी तो होडीच्या लोखंडाला टेकवला, तर शॉर्ट होईल.

प्रश्न : मी रत्नागिरीत डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उष्णता वाटली जावी म्हणून दोन ७८०५ समांतर जोडले तर चालतील का?

उत्तर : नाही. एका ७८०५ चा दाब ४.८ ते ५.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. दोघांपैकी ज्याचा दाब किंचित जास्त, तोच जवळजवळ सगळा भार उचलतो आणि दुसरा नुसता उभा राहतो. उष्णता वाटायचीच असेल तर रेग्युलेटरच्या आधी मालिकेत रेझिस्टर लावावा. वर गुहागरच्या बोर्डाचे आकडे आहेत, तेच घ्या. बॅटरी उतरून ११ व्होल्टवर आली तरी रेग्युलेटरला ७.५ मिळाले पाहिजेत, म्हणून ३.५ ला ०.२८ ने भागून १२.५ ओहम येतात. आपण १० ओहम, २ वॉटचा घेऊ. तो २.८ व्होल्ट स्वतःवर घेतो आणि ०.७८ वॉट उष्णता रेग्युलेटरबाहेर काढतो, त्यामुळे १४.२ व्होल्टला रेग्युलेटरच्या वाट्याला २.५८ ऐवजी १.७९ वॉट येतात. एकूण उष्णता तेवढीच राहते, डबा तेवढाच तापतो आणि बॅटरीही तेवढीच खर्च होते. दोन ७८०५ वापरायचेच असतील, तर एकावर फक्त रिले आणि दुसऱ्यावर बाकीचा बोर्ड असे भार वेगळे करावेत, दोघांचे ग्राउंड एकत्र जोडावे आणि ५ व्होल्टच्या तारा मात्र कुठेही एकमेकींना जोडू नयेत.